नवारीची सायकल

शुक्रवारी दुपारी दीडच्या सुमाराला नेरूळच्या शिरवणे गावातल्या गल्लीतून एक माणूस झोपून सायकल चालवत निघाला आणि अख्खी गल्ली बाहेर आली.

झोपून म्हणजे अगदी झोपून. पाठ मागे टेकलेली, डोकं उशीवर, पाय पुढे हवेत आणि त्या पायांनी पॅडल चालू. पुढचं चाक पोरांच्या सायकलीचं, बारकं. मागचं चाक मोठ्यांच्या सायकलीचं. मधे लांबलचक पाइप, आणि त्या पाइपावर बसायची जागा म्हणून खाटेची नवार विणलेली. पांढरी, हिरव्या काठाची, खाटेला असते तीच.

"आयला, खाट चालली बघ!" पानवाल्याकडचा एकजण ओरडला.

"काका, उशी घेतली, चादर राहिली!"

"अरे पुढचा नाका आला की उठवा रे त्यांना!"

मागून दुसऱ्या सायकलीवर जयप्रकाश येत होता. वय तेवीस, तुर्भ्याला एका वर्कशॉपमधे वेल्डर. त्याचे कान तापले. सायकल त्यानंच बनवलेली आणि तिच्यावर झोपलेला माणूस त्याचा बाप, हौसेराव. जयप्रकाशला वाटलं, संपलं. आबा आता थांबतील, "घरी चल" म्हणतील, आणि पुन्हा वर्षभर पंख्याकडे बघत पडून राहतील.

पण हौसेराव थांबले नाहीत. थांबता येतच नव्हतं म्हणा. ही सायकल चालतेय तोवर सरळ, थांबली की आडवी. त्यांनी फक्त एक हात वर केला, लग्नात नवरदेव करतो तसा, आणि पुढे गेले.

हौसेराव मूळचे साताऱ्याकडचे. एकाहत्तर-बाहत्तरला इकडे आले तेव्हा इथं नवी मुंबई नव्हतीच. कागदावर होती. जमिनीवर भात, मीठ आणि चिखल. ती कागदावरची जमिनीवर आणायला जे सर्व्हेवाले आले त्यांच्यात हौसेराव चेनमन. म्हणजे मोजणीची साखळी ओढायची, लालपांढरा झेंडा धरून साहेब सांगेल तिथं उभं राहायचं, खुंटी ठोकायची, दगड पुरायचा. साहेब छत्रीखाली दुर्बिणीला डोळा लावून. हौसेराव गुडघाभर चिखलात. कामाला जायचं सायकलीनं, झेंडे दांडीला बांधून. एकवीस वर्षं त्यांनी बांधांवरून सायकल हाणली. आज जिथं सेक्टर आहेत, सोसायट्या आहेत, गेटवर वॉचमन आहेत, त्यातल्या निम्म्या कोपऱ्यांवर आधी हौसेरावांची खुंटी होती. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. कोण विचारतंय?

मग मणका गेला. दगड उचलताना कट्‌ असा आवाज झाला म्हणे. ऑपरेशन झालं. डॉक्टरनं सांगितलं, "बसायचं नाही, वाकायचं नाही. एकतर उभे राहा, नाहीतर झोपा. सायकल विसरा. मणका पुन्हा पिळला तर पाय गेले समजा."

हौसेराव झोपले. नेरूळच्या एका खोलीत, नवारीच्या खाटेवर, पंख्याकडे बघत. पहिल्यांदा पेपर सुटला. मग दाढी. मग बोलणं. विमलबाई, म्हणजे जयप्रकाशची आई, भरवायची तेव्हा तोंड उघडायचं, एवढंच.

जयप्रकाश दहावी नापास. पण वर्कशॉपमधे कुणी न शिकवता तो वेल्डिंगचा रॉड धरायला शिकला होता, ड्रॉइंग वाचायला शिकला होता. एकदा परदेशी बेअरिंगची पेटी आली. आत ठासायला मासिकाची पानं भरलेली. एका पानावर एक गोरा माणूस झोपून सायकल चालवत होता. मागे डोंगर, बर्फ. जयप्रकाश ते पान घेऊन लेथच्या मागे उभा राहिला तो जेवणाची सुट्टी संपेपर्यंत. डोक्यात एकच. डॉक्टर म्हणाला, झोपा. मग झोपून चालवू देत ना!

तीन महिने गेले. दोन मोडक्या फ्रेमी कापल्या. अडीच चेना जोडून एक चेन केली. दणके खायला ट्रकचे रबरी बुश सीटखाली घातले. सीट मात्र जमेना. पत्रा टोचायचा, फळी टोचायची. शेवटी त्यानं आबांच्या खाटेचीच नवार सोडवली. विमलबाईनं डोक्याला हात लावला. "अरे, आजारी माणसाच्या खालची खाट काढून घेतोस?"

"आई, टेन्शन नको घेऊ. या नवारीला आबांची पाठ ठाऊक आहे. दुसरी कुठली चालणार नाही."

त्यावर खाली चटईवर पडलेले हौसेराव सात महिन्यांत पहिल्यांदा आपणहून बोलले. "बघू तर खरं, काय करतंय त्ये."

आठ संध्याकाळी स्टेशनमागच्या मोकळ्या डांबरावर सराव झाला. जयप्रकाश मागून धरायचा, पळायचा. नवव्या दिवशी हौसेरावांनी अट घातली. "डांबरावर कोन बी चालवंल. मला बांधावरनं मिठागरापतुर जायचंय. एकदाच. पाठीनं साथ दिली तर दिली. दुखली तर हे लोखंड भंगारात घालायचं आन् घरात पुन्हा सायकलीचं नाव काढायचं न्हाई. कबूल?"

जयप्रकाश कबूल म्हणाला. दुसरं काय म्हणणार? पण त्या रात्री त्याला कळलं होतं की भंगारात नुसतं लोखंड जाणार नाही.

दिवस ठरला शुक्रवार, कारण वर्कशॉपची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी. जयप्रकाशनं बघितलं ते एवढंच. निघताना विमलबाई म्हणाली, "आज माझी संकष्टी आहे. चंद्र निघायच्या आत दोघं घरी दिसा. मी उपाशी आहे, लक्षात ठेवा."

"हां हां," जयप्रकाश म्हणाला. हौसेराव नुसते हसले. का हसले, ते त्याला तेव्हा कळलं नाही.

गाव संपलं. रुळांखालचा बोगदा गेला. पुढे खाडीच्या कडेनं मोठ्ठा नवा रस्ता होणार होता, त्याचा मुरूम पडलेला. जानेवारीचं ऊन अंगाला बरं वाटत होतं, वारा मात्र बोचरा. आणि मुरूम म्हणजे काय, डंपरनं ओतलाय आणि तसाच सोडलाय. खडक, खड्डे, चाकोऱ्या.

पहिला दणका बसला तेव्हा जयप्रकाशला तो स्वतःच्या माकडहाडात लागला.

"आबा, दुखलं?"

पाय चालू.

दुसरा दणका. नवार करकरली. रबरी बुश दबले, वर आले. हौसेरावांचं डोकं उशीवर उडालं, पडलं.

"आबा, दुखतंय का? हळू घ्या. डावीकडून घ्या."

"गप ये."

तिसऱ्या दणक्याला चेन पडली. अडीच चेनांची ती, पडली ती थोडीथोडकी नाही, पार मातीत लोळली. सायकल आडवी व्हायला लागली. जयप्रकाशनं आपली सायकल फेकली आणि धावत जाऊन खांदा दिला. मग एका खांद्यावर बाप आणि सायकल तोलून धरत, एका हातानं चेन चढवायची. चढवली की पुढून सुटायची. पुढे लावली की मागून. बोटं काळी झाली, घाम डोळ्यात गेला.

"किती वाजलं?" हौसेरावांनी विचारलं.

"सव्वादोन. झालंच."

थोड्या वेळानं पुन्हा, "किती वाजलं रं?"

"आबा, पाठ दुखत असेल तर सांगा ना सरळ! वेळ काय विचारताय?"

हौसेराव आकाशाकडे बघत पडून होते. म्हणाले, "कर तुजं तू."

चेन बसली तेव्हा पावणेतीन वाजले होते.

पुढे बांध लागला. दोन्ही बाजूंना मिठाचे वाफे, आरशासारखे चौकोन, कडेला पांढऱ्या मिठाचे ढीग. पार टोकाला एक झोपडी, तिच्याजवळ एकच ताड. आणि बांध किती रुंद? सायकलीचं हँडल जाईल आणि वर दोन वीत. जयप्रकाशच्या मनात आलं, इथं ही सायकल वळवता येणार नाही. साडेसात फुटांची लांबी. त्यानं मनातल्या मनात चॉकनं आकृती काढली, वळण काढलं. नाही बसत. म्हणजे टोकापर्यंत जायचं, झोपडीच्या अंगणातच वळायचं. मधे थांबलं तर आडवं. आडवं पडलं तर आबांना उचलणार कोण?

बांधाची माती मात्र बरी होती. वाळलेली, मऊ. दणके थांबले. हौसेरावांनी वेग घेतला. जयप्रकाश मागून बघत होता, नवारीत रुतलेली पाठ, टोपी, आणि टोपीच्या पलीकडे वरखाली होणारे दोन गुडघे. सरावात त्याचं सगळं लक्ष सायकल धरण्यात असायचं; बापाचे गुडघे असे हलताना तो आज पहिल्यांदा बघत होता.

अर्ध्या वाटेवर त्याला आवाज आला. खळखळ. नळ चालू राहिल्यासारखा, पण खूप मोठा नळ.

उजवीकडचा वाफा हलत होता. म्हणजे आत पाणी येत होतं. टोकाला झोपडीशी कुणीतरी वाकून उभं होतं आणि तिथून खाडीचं पाणी फेस काढत आत शिरत होतं. वाफा भरला. आरसा फुगला. आणि पुढे जिथं बांध खचून बुटका झाला होता, तिथं पाणी एका बाजूनं चढलं आणि दुसऱ्या बाजूला उतरलं. हळूच. काही मोडतोड नाही. बांध होता आणि मग नव्हता.

"आबा! थांबा! पाणी!"

"थांबून काय करू?" हौसेराव तिकडूनच ओरडले. "उडी मारू?"

जयप्रकाशनं मागे बघितलं. मागेही तेच. मघाशी ओलांडलेला बुटका तुकडा गायब. आता पुढे दोनशे पावलं नुसतं पाणी, मग झोपडी. मागे तेवढंच. वळता येत नाही, थांबता येत नाही. बांधाच्या कडेला काय आहे ते त्याला माहीत होतं, कंबरभर गाळ. त्या गाळात चाक गेलं, मणका पिळला, तर डॉक्टर काय म्हणाला होता ते त्याला आठवायचं नव्हतं, पण आठवलं.

"आबा, कडा दिसत नाहीत! कुठून जाणार?"

"तू माज्या मागं ये. उजवीडावीकडं बघू नगंस."

"पण दिसतंय काय तुम्हाला?"

"ताड दिसतोय. त्याच्या मागं खाडीपल्याडची चिमनी दिसतीया. दोन्ही एका लायनीत हाएत तवर मी बांधावर हाय. चिमनी डावीकडं सरकली की हँडल उजवीकडं. मीच घेतलीय लेका ही लाइन. ह्या बांधावर साहेबानं चार दिस मला उभा केलता."

आणि गेले ते पाण्यात.

जयप्रकाश सायकलीवरून उतरला. पाणी घोट्याच्या थोडं वर, गार. सायकल ढकलत तो आबांच्या मागोमाग निघाला, आणि मग त्यानं मान वर केली.

समोर बांध नव्हता. जमीनच नव्हती. वर आकाश, स्वच्छ, हिवाळ्याचं, एकही ढग नाही, आणि खाली तेच आकाश, तेवढंच निळं, तेवढंच खोल. मिठाचे ढीग दोन दोन दिसत होते, एक सुलटा, एक उलटा, बुडाला बूड लावून. आणि त्या दोन आकाशांच्या मधून त्याचा बाप चालला होता. झोपून. खाटेवर पडल्यासारखा. चाक कशावर फिरतंय ते दिसत नव्हतं. फक्त मागे पाण्याची एक बारीक रेघ उठत होती, दोन्हीकडे पसरत होती, आणि खालच्या आकाशाला सुरकुती पडून पुन्हा इस्त्री होत होती.

जयप्रकाश ढकलायचं विसरला. भीती कुठं गेली ते त्याला कळलं नाही. होती, पण तिच्यापेक्षा मोठं काहीतरी छातीत भरलं आणि तिला जागाच उरली नाही. तो वेल्डर माणूस. रोज काळ्या काचेतून आग बघणारा. असं उघड्या डोळ्यांनी इतकं उजळ त्यानं कधी बघितलं नव्हतं. आणि ही रेघ! पट्टी लावून मारल्यासारखी. इंचभर इकडे नाही, तिकडे नाही. वर्षभर पंख्याकडे बघणारा माणूस दिसत नसलेल्या बांधावरून सुतासारखा सरळ चालला होता.

एकदाच चाक लचकलं. सायकल उजवीकडे कलली. हौसेरावांनी हँडल हलवलं नाही. पॅडलवर जोर दिला, दोनच फेरे, आणि सायकल सरळ झाली.

मग चढ आला, पाणी संपलं, आणि झोपडीच्या अंगणात वाळत घातलेल्या जाळ्यावरून सायकल जाऊन ताडाला टेकली. टेकली म्हणजे धडकलीच, पण प्रेमानं.

उघाडीचं लाकडी दार वर ओढून धरलेली बाई तशीच उभी होती. काळी, काटक, कासोटा घातलेली, साठीची. मिठागरावरची वेणूबाई. खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचं हे दार तीच उघडायची, तीच लावायची.

"आगो बाय माजे," ती म्हणाली. "पान्यावर्शी खाट आयली!" मग डोळे बारीक करून जवळ आली. "कोन रं तू? हौसेराव? झेंडेवाला?"

"व्हय, मीच."

"मेला का नाय तू? मला तं कोनी सांगलं का झेंडेवाला गेला!"

"ऱ्हायलंय अजून थोडं."

जयप्रकाश धापा टाकत पोचला. तोंडातून पहिलं भांडणच निघालं. "मावशी, माणसं येताहेत बघून तरी दार उघडायचं ना! बाप गेला असता माझा!"

वेणूबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "भरती तुज्या बापाला इचारून येतं का रं? आज संकष्ट. संकष्टीला सवातीनला पानी भरतं. आज नाय घेतला तं मंग मीठ काय तू पिकवशील? घरान आईस उपास करतं का नाय?"

"करते."

"मंग? चंद्र बगून जेवताव, अन चंद्र पानी आनतं ते ठाव नाय? सेक्टरवाले!"

जयप्रकाशला सकाळपासूनचं सगळं एकदम दिसलं. आईची संकष्टी. आबांचं हसू. "किती वाजलं?" दोनदा. तो हळूच वळला. "आबा, तुम्हाला माहीत होतं."

"एकवीस वर्सं चिखलात काडली. मला माहीत न्हाई व्हय?" हौसेराव अजून नवारीत पडलेलेच होते, टोपी डोळ्यांवर घेऊन. "अडीचला हितं पोचायचं आन् निवांत पाणी येताना बघायचं, आसं ठरीवलं व्हतं मी. तुझ्या चेनीनं घोळ केला."

"मग सांगायचं ना!"

"सांगितलं आसतं तर मला आणलं आसतंस?"

जयप्रकाशनं नसतंच आणलं.

वेणूबाईनं काळा चहा दिला, गुळाचा. हौसेरावांनी झोपल्या झोपल्या बशीतून ओढला. मग विचारलं, "माझा दगड कुठाय?"

"कंचा दगड?"

"मी पुरल्याला. मोजणीचा. हितंच, ताडापासनं नऊ पावलं."

"तो व्हय!" वेणूबाईनं बोट केलं. अंगणाच्या कडेला एक चौकोनी दगड होता, माथ्यावर छिन्नीनं कोरलेली फुली. फुलीवर सोडे वाळत घातले होते. "जाम चांगला हाय दगड तुजा. कवा हालत नाय. मांजर पन चढत नाय त्यावर."

हौसेराव इतके हसले की नवार हलायला लागली. हसता हसता त्यांनी एक हात कंबरेला लावला. जयप्रकाशनं ते बघितलं.

साडेचारपर्यंत वेणूबाईनं पाणी आतल्या वाफ्यांत सोडलं आणि बांध पुन्हा वर आला. ओला, चकचकीत, आपण कुठं गेलोच नव्हतो असा. अंगणात सायकल वळवली. आता तोंड शहराकडे होतं. ऊन मागून येत होतं आणि समोर सगळ्या इमारती पिवळ्या पेटल्या होत्या, खिडकी न् खिडकी. झोपलेला माणूस मान न उचलता ते सगळं बघू शकत होता. जयप्रकाशच्या आधी कधी हे लक्षात आलं नव्हतं. बनवताना त्यानं फक्त पाठीचा विचार केला होता.

"त्यो उंच टावर हाय ना," हौसेराव म्हणाले, "तिथं मला जळू लागलेली. त्याच्या शेजारचा, तिथं साहेब पडला चिखलात, बुटासकट. त्यो पाण्याच्या टाकीचा कोपरा, त्यो मी दोनदा ठोकला. पहिली खुंटी कुनीतरी चुलीला नेली."

एकेक कोपरा ते सांगत गेले आणि जयप्रकाश ऐकत गेला. ज्या शहरात तो जन्मल्यासारखा वावरायचा, ते शहर पुढे चाललेला बाप त्याला पुन्हा खुंटी खुंटीनं उभं करून दाखवत होता.

मुरूम आला. या वेळी हौसेराव सावकाश गेले, चाकोरी सोडून, कडेकडेनं. गाव जवळ आलं. पानवाल्याच्या कोपऱ्यावरची टोळी अजून तिथंच.

"काका! झोप झाली का?"

"झाली!" हौसेराव ओरडले. "खाट पायजे का? भाड्यानं देतो!"

टोळी हसली, आणि या वेळी जयप्रकाशचे कान तापले नाहीत.

चाळीच्या दारात सायकल थांबवून त्यानं ती धरली. आता विचारायलाच हवं होतं. ठरलेलं होतं ते. भंगारवाला तर शेजारच्याच गल्लीत.

"आबा. खरं सांगा. दुखलं?"

हौसेरावांनी टोपी काढून छातीवर ठेवली. मग म्हणाले, "दुखलं. मुरमात दोनदा कळ आली, पार टाचंपतुर. आन् हसलो तवा एकदा."

जयप्रकाशनं मान खाली घातली. दारात विमलबाई उभी होती, उपाशी, हातात समई पुसायचं फडकं. तिलाही अट माहीत होती.

"पेन हाय का?" हौसेराव म्हणाले.

"काय?"

"पेन. लिवून घे. सीट मागून दोन बोटं खाली कर. मधली नवार सैल पडलीया, ती तान. त्यो बुश एक हाय तिथं दोन टाक. आन् चेनीला वर एक नळी लाव, म्हंजी उडायची न्हाई. चेन पडली नसती तर पाण्याच्या आधी पोचलो असतो."

जयप्रकाशनं खिशातलं पेन काढलं. कागद नव्हता. वर्कशॉपमधे माप घेतात तसं त्यानं डाव्या तळहातावर लिहायला सुरुवात केली. तळहात चेनीच्या तेलानं काळा होता, शाई उमटेना, तरी तो लिहीत राहिला.

"सावकाश सांगा आबा," तो म्हणाला. "दोन बोटं म्हणजे किती? तुमची की माझी?"